एका माणसाचं पाणी

"काकू, हे पातळ काल वाळत घातलेलं की ओ. आज परत धुवायलाव?"

मालनने भिंतीवरून मान वर काढून विचारलं, तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते. भिंत तशी उंच होती. पलीकडून बघायचं तर तिला उपड्या घमेल्यावर चढावं लागायचं, आणि ती दिवसातून दहादा चढायची.

"डाग राहिला होता," मी म्हटलं.

"कुठं? दावा की."

मी पातळ पाण्यात बुडवलं.

"आन् परवा घासलेली भांडी परत घासलीत. मी बगितलं. आमच्या सासूबाई म्हणायल्या, एकटं राहून बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, हकीमाला दावा. मी म्हणलं, थांबा, आधी इचारून तर बघू."

मला हसू आलं आणि जरा रडूही. पातळ पिळून दांडीवर टाकलं, हात पुसले आणि खरं ते सांगून टाकलं.

"पाणी शेवटपर्यंत जात नाही गं."

"कसलं पाणी?"

"मोरीचं."

ती घमेल्यावर आणखी उंच झाली आणि माझ्या परसाकडे बघायला लागली. पहिल्यांदाच नीट बघत असावी. न्हाणीघराच्या तोंडाशी अळू हत्तीच्या कानासारखं माजलेलं होतं, त्याच्या पुढची केळ बरी होती, मिरची जगून होती. त्याच्या पलीकडे सगळं पिवळं. भेंडीच्या काड्या, दोडक्याचा वाळका वेल, आणि अगदी मागच्या भिंतीशी पडवळाचा मांडव, ज्यावर आता नुसती सुतळी लोंबत होती.

आमच्या बार्शीत तेव्हा नळाला तीन-चार दिवसांनी पाणी यायचं, तेही पिण्यापुरतं. झाडाला नळाचं पाणी घालणाऱ्या बाईला लोकांनी नावं ठेवली असती. माझ्या सासऱ्यांनी म्हणूनच हे परस सांडपाण्यावर बांधलं होतं. न्हाणी आणि भांड्यांची मोरी, दोन्हींचं पाणी एका लहान हौदीत यायचं आणि तिथून शहाबादी तुकड्यांच्या पाटाने भिंतीच्या कडेकडेने थेट मागपर्यंत जायचं. वाटेत एकेका वाफ्याला एकेक तोंड. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद, आम्ही दोघं, आणि पुढे आमची दोन मुलं. एवढ्या माणसांच्या आंघोळी, एवढ्यांची खरकटी ताटं. पाणी मागच्या भिंतीपर्यंत जाऊन वर थोडं उरायचं.

मामंजी पहिली आंघोळ करायचे. शेवटचा तांब्या ओतला की आतूनच ओरडायचे, "पोचलं का?" आणि परसात जो कोणी असेल त्याने बघून सांगायचं, "केळीपाशी आलंय" किंवा "दोडका झाला". मग दुसरा आंघोळीला जायचा आणि तोही ओरडायचा. शेवटच्या माणसाला "पोचलं!" असं उत्तर मिळालं की त्या दिवसाची परसाची काळजी मिटली. मामंजी गेल्यावर ह्यांनी तसंच चालू ठेवलं. बाकी बोलणं कमी होतं त्यांचं, पण न्हाणीतून एवढे दोन शब्द रोज यायचे.

मग दीर आपापल्या नोकऱ्यांवर गेले, नणंद आणि नंतर आमची नलू लग्न होऊन गेली. मुकुंद नाशिकला कारखान्यात लागला. सासूबाई गेल्या. आम्ही दोघं उरलो तेव्हा पाणी भेंडीपर्यंत जायचं आणि पुढच्या वाफ्यांना हे कळशीने नेऊन घालायचे. मला वाटायचं, बागकामाची हौस आहे त्यांना. ते गेल्यावर कळलं की ते रोज किती ओढत होते.

ह्यांचं वर्षश्राद्ध वैशाखात झालं. मुकुंद आला होता. सगळं आटोपल्यावर तो परसात जाऊन त्या मांडवाखाली उभा राहिला. मग म्हणाला, "आई, हे सगळं वाळून चाललंय."

"उन्हाळ्यात वाळतंच."

"बाबांच्या वेळी वाळत नव्हतं."

मी खाली पडलेली वाळकी पानं गोळा करायला लागले.

"तू एकटीने किती ओढणार? दिवाळीला मी येतोय. तेव्हाही असंच असेल ना, तर घर बंद करू. सरळ नाशिकला चल."

रागावून नव्हता बोलत. काळजीने बोलत होता. पण एखाद्याला मुदत द्यावी तशी मला दिवाळीची मुदत मिळाली होती. घर सोडून मुलाच्या दोन खोल्यांत जाऊन बसायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी धुतलेलं परत धुवायला लागले.

हे सगळं मी मालनला त्या सकाळी भिंतीशी उभी राहून सांगितलं. मालन तेव्हा पस्तिशीची असेल. नवरा एसटीत कंडक्टर, घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, मुलं. तिला उसंत म्हणून नसायची, पण ऐकताना ती अगदी ऐकायची.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. "आमची मोरी हितंच हाय बगा, तुमच्या मांडवाच्या मागं, भिंतीला लागून. आठ-नऊ माणसांचं पाणी रोज गटारात जातंय. एक वीट काढली की तुमचा मांडव भिजतोय."

"नको."

"का ओ? सोवळं आडवं आलं का?"

"सोवळं कसलं. सासूबाई असत्या तर गोष्ट वेगळी."

"मग?"

"दुसऱ्याच्या पाण्यावर हिरवं केलं तर मी मुकुंदला काय दाखवू? मला एकटीला जमतं हे दाखवायचंय ना?"

मालनने जरा विचार केला. मग म्हणाली, "मग एक सांगू? राग मानू नका. हे परस आठ-नऊ माणसांचं हाय. तुम्ही हाव एक. परस बारीक करा की."

मला राग आलाच. मामंजींनी आखलेलं, ह्यांनी जपलेलं परस; ते बारीक करायचं म्हणजे काय? त्या दिवशी मी तिच्याशी पुढे बोलले नाही. पण दुपारी जेवायला बसले, ताटात भेंडीची भाजी होती, आणि लक्षात आलं की परसातली भेंडी असो की बाजारातली, मला एका वेळेला मूठभरही लागत नाही. ताट धुतलं. ते पाणी तर अळूच्याही पुढे सरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच भिंतीवर तांब्या वाजवला.

"मालन, जरा इकडून ये. तुझं एक काम आहे."

ती पदराला हात पुसत दारातून आली. मी तिच्या हातात अर्धी वीट दिली.

"मी आंघोळीला जाते. तू इथे पाटाशी उभी राहा. पाणी जिथे थांबेल तिथे ही वीट ठेव."

"आता काय माझी आंघोळ करून झाल्यावर तुमच्या आंघोळीवर पहारा?" ती फिदीफिदी हसत म्हणाली.

"मला आतून दिसत नाही ना. आणि मी बाहेर येईपर्यंत ते जिरून जातं. कुठवर गेलं होतं ते कळतच नाही."

ती हसायची थांबली. मी आत गेले. रोजच्यासारखीच आंघोळ केली, एक तांब्या जास्त नाही की कमी नाही. शेवटचा तांब्या ओतला आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "पोचलं का?"

वर्षभरात मी हे ओरडले नव्हते. ओरडून कोण सांगणार होतं?

"कुठलं ओ!" बाहेरून मालनचा आवाज आला. "मिरचीपाशी बसलंय. पुढं काय हलंना."

ओल्या केसांनी बाहेर आले तर मिरचीच्या वाफ्याच्या कडेला ती अर्धी वीट ठेवलेली. वीट आणि न्हाणीची भिंत, ह्यांच्या मधे जेवढी जागा होती तेवढी माझी. मी त्या जागेकडे बघत राहिले. एवढीच?

"लई हाय की," मालन म्हणाली, जणू मी मोठ्याने बोलले होते. "एका माणसाला चार भेंड्या आन् मूठभर मेथी. वर मला कडीपत्ता."

परस बारीक करायचं काम आम्ही ज्येष्ठात केलं, पाऊस यायच्या आधी. विकत काही आणायचं नाही असं मी ठरवलं होतं. ह्यांची पेन्शन अर्धी होऊन माझ्याकडे यायची आणि बोअर, पाइप असल्या गोष्टींची नावंही घेण्यात अर्थ नव्हता. घरात होतं त्यातूनच करायचं.

मागच्या वाफ्यांतली काळी माती वर्षानुवर्षं पोसलेली होती. ती खरवडून घमेल्याने पुढे आणली. आडवे लांब वाफे मोडले, कारण लांब वाफ्यात पाणी पसरून मरतं. त्यांच्या जागी गोल आळी केली, एकमेकांना लागून, हौदीच्या तोंडाभोवती. प्रत्येक आळ्याच्या तळाशी नारळाच्या शेंड्या आणि जुन्या गोणपाटाचे तुकडे घातले, ओल धरून ठेवायला. दोन माठ पाझरायला लागले म्हणून अडगळीत पडले होते; ते गळ्यापर्यंत जमिनीत पुरले आणि त्यांच्याशेजारी दुधी आणि काकडी लावली. माठात भांड्यांचं पहिलं निवळ पाणी ओतायचं, ते आपलं हळूहळू झिरपत राहतं. फुटक्या बादलीत पुदिना. सासूबाईंची लोखंडी खाट माळ्यावर होती. तिच्या पट्ट्या केव्हाच फाटल्या होत्या, नुसता सांगाडा. तो भिंतीला उभा टेकवला आणि वेलाला जिना झाला.

"म्हातारीला खालनं दुधी टोचणार आता," मालन म्हणाली.

"त्यांना चालेल. दुधी आवडायचा त्यांना."

"आन् तुमास्नी?"

मला आठवेना. मला कुठली भाजी आवडते हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "चाकवत." मग चाकवतही पेरला.

सगळ्यात जड गेलं ते मांडव काढणं. ह्यांनी रोवलेले चार खांब होते, बाभळीचे. तीन निघाले. चौथा काही केल्या हलेना. मी कुदळीने खणत होते, घाम डोळ्यांत जात होता. शेवटी मालनने माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

"राहू द्या की तो. त्याला काय पाणी लागतंय?"

तो राहिला. एकटाच, मागच्या मोकळ्या जमिनीत.

मिरचीच्या पुढे, त्या विटेपाशी, मी पाट बंद केला. आडवा शहाबादी तुकडा लावून वर मातीचा बांध घातला, म्हणजे जे काही माझं पाणी आहे ते अलीकडेच राहील. जुना पाट त्याच्या पुढे तसाच कोरडा पडून राहिला. तो उखडायला मला वेळ झाला नाही, असं मी मालनला सांगितलं.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, पण माझ्या लहानग्या परसाला पुरला. श्रावणात मेथी, मुळा, चाकवत. गौरी-गणपतीत दुधीची फुलं. दसऱ्याला तर खाट दिसेनाशी झाली. रोज सकाळी आंघोळीचं पाणी आळ्यांमधून गोल फिरायचं आणि बांधाला टेकून थांबायचं. नेमकं. मालनची सासूसुद्धा काठी टेकत बघायला आली. म्हणाली, "बाई, भातुकली मांडल्यावाणी केलंय."

मी झाडांमधून फिरताना मनातल्या मनात मुकुंदशी बोलायचे. तो म्हणणार, आई चल. मी म्हणणार, कशाला? बघ, सगळं कसं हिरवं आहे. आषाढात माझं उत्तर एवढंच होतं. भाद्रपदात मी म्हणायला लागले, बाबा रे, इतका आग्रह करतोस तर संक्रांतीनंतर बघू. नवरात्रात एकदा भेंडी तोडता तोडता म्हणाले, बरं, थंडीपुरती येते, पण उन्हाळ्याआधी परत पोचवायचं. तो दर वेळी जास्त आग्रह करायचा, आणि मी दर वेळी थोडी थोडी ऐकायचे.

एकदा मी मालनला सहज विचारलं, "समजा, चार महिने इथे कुणी नसलं, तर तू रोज एक बादली घालशील का गं?"

"जायलाव का काय?"

"नाही गं. मी कुठे जाते? समजा म्हटलं."

मालनने माझ्याकडे बघितलं आणि ती घमेल्यावरून उतरली. त्या आठवड्यात मी माळ्यावरची ट्रंक उतरवून उन्हात ठेवली. लोकरीचे कपडे हवेशीर करायला.

धनत्रयोदशीला दुपारी मुकुंद आला. बरोबर वृषाली आणि दोन्ही नातवंडं, गौरी आणि तन्मय. पाय धुवायला म्हणून तो मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "वृषाली! अगं इकडे ये, बघ आईने काय केलंय!"

मी दारात उभी होते. मनात अगदी दहावीच्या निकालाला असावं तसं.

तो एकेका आळ्याशी वाकून बघत होता. खाट ओळखून मोठ्याने हसला. "आजीची खाट! कमाल आहे तुझी." माठाची युक्ती मुलांना समजावून सांगितली. मग कॅमेरा आणून माझा दुधीशेजारी फोटो काढला. तो फोटो अजून आहे. त्यात मी खूप आनंदी दिसते.

"किती आटोपशीर केलंय आईंनी," वृषाली म्हणाली. "सगळं हाताशी."

"मी उगाच मे महिन्यात काहीतरी बोललो," मुकुंद म्हणाला. "तू मनावर घेतलं नाहीस ना?"

"छे."

"इथून गेल्यावर मला झोप लागत नव्हती, खरं सांगतो. एकटी काय करत असेल, कशी राहत असेल. आता बघितलं आणि जीव भांड्यात पडला. तुझं छान बसलंय सगळं. हे सोडून तू नाशिकला काय करणार? दोन खोल्या, एक गॅलरी. तुळससुद्धा धड येत नाही तिथे."

"हो ना," मी म्हटलं.

"मग ठरलं. आता तो विषय काढायचा नाही."

माझी सगळी उत्तरं तयार होती. थंडीपुरती येते, हेसुद्धा. त्याने विचारलंच नाही. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. चिवड्याचा डबा काढला. करंज्या मोडल्या आहेत का ते उगाचच एकेक करून पाहिलं.

नरकचतुर्दशीला पहाटे मी बंब पेटवला. किती दिवसांनी तो एवढा तापला असेल. मुलांना पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं. गौरी कुडकुडत होती, तन्मय साबण डोळ्यांत गेला म्हणून रडत होता. मग वृषालीने न्हाऊन घेतलं. शेवटी मुकुंद आत गेला. मी हातात तेलाची वाटी घेऊन परसात उभी राहिले. उजाडायला लागलं होतं.

पाणी हौदीतून बाहेर पडलं, वाफाळतं, उटण्याच्या वासाचं. आळ्यांमधून फिरलं आणि बांधाला येऊन टेकलं. थांबलं नाही. चढत गेलं. माझा बांध एका माणसाच्या मापाचा. आधी कडेची माती खचली, मग शहाबादी तुकडा आडवा झाला आणि पाणी पुढे जुन्या पाटात शिरलं. त्यातला वर्षभराचा पाचोळा ढकलत, वळणं घेत निघालं. भेंडीचा वाफा होता तिथून गेलं. दोडका होता तिथून गेलं. मी त्याच्या बरोबरीने चालत गेले. मागच्या भिंतीपाशी, त्या एकट्या खांबाच्या बुडाशी ते पोचलं आणि तिथे ते प्यायला काहीच नसल्यामुळे नुसतं साचत राहिलं.

न्हाणीत मुकुंदचा शेवटचा तांब्या ओतल्याचा आवाज आला. मी कान दिले.

"तन्मय!" तो आतून ओरडला. "मी आल्याशिवाय एकही फटाका लावायचा नाही, सांगून ठेवतोय!"

मी जिथे होते तिथूनच हळू म्हटलं, "पोचलं."

तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला आणि मला शोधत मागे आला. डबक्याकडे बघून म्हणाला, "अरे, इथे पाणी साचतंय की. डास होतील आई. जायच्या आधी एक पाइप टाकून गटाराला जोडून देतो."

"नको," मी म्हटलं. "दोन दिवसांचं आहे. तुम्ही गेलात की नाही येणार."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणून तो फटाक्यांकडे गेला.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारच्या गाडीने ते निघाले. मालनच्या नवऱ्याने त्यांना पुढच्या बाकावर जागा करून दिली. मी दोन दुधी, मेथीच्या जुड्या, आणि गौरीसाठी एका पिशवीत पुदिन्याची काडी दिली. ट्रंक बाहेर खोलीत तशीच होती. वृषालीने जाताना विचारलं, "आई, ही माळ्यावर ठेवून देऊ का ह्यांना सांगून?" मी म्हटलं, "असू दे. मालनचा दीर ठेवेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले. बांध अजून फुटलेलाच होता. तरी पाणी विटेपाशीच थांबलं होतं. बांध दुरुस्त करायची गरजच नव्हती.

पुढे आठ-दहा दिवसांनी मी मागच्या बाजूला पाचोळा झाडायला गेले. खांबाच्या बुडाशी, जिथे पाणी साचलं होतं तिथे, मातीला तडे गेले होते आणि त्या तड्यांतून कोंब वर आले होते. पडवळाचे. कुठल्या तरी जुन्या वर्षीचं फळ वेलावर पिकून फुटलं असेल, बिया मातीत पडल्या असतील. दोन-दोन पानांचे हिरवे कोंब, एकमेकांना खेटून, खांबाकडे वाकलेले. जमीन वाळायला लागली होती.

पहिल्या दिवशी मी त्यांना प्यायच्या पाण्यातला एक तांब्या घातला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तांब्या ओतून तिथे उभी होते तर भिंतीपलीकडे मालनच्या मोरीत कुणीतरी बादली उपडी केली. पाणी खळखळत गटाराकडे गेलं. मी ते संपेपर्यंत ऐकलं. मग रिकामा तांब्या भिंतीवर वाजवला.

घमेलं सरकल्याचा आवाज आला. मान वर आली.

"मालन," मी म्हटलं, "तुमच्या मोरीचं पाणी देशील का?"

तिने आधी माझ्याकडे, मग खाली कोंबांकडे बघितलं.

"लोक मीठ मागत्यात, विरजण मागत्यात," ती म्हणाली. "तुम्ही मोरीचं पाणी मागायलाव."

"देतेस की नाही?"

"कवापासनं देते म्हणायले मी. तुमीच घेईना झालता."

रविवारी तिच्या नवऱ्याने छन्नीने भिंतीतली एक वीट काढली. तिच्या सासूबाई काठी टेकून देखरेखीला उभ्या. पहिली आंघोळ मालनच्या सासऱ्यांची झाली, मग दिराची, मग पोरांची, आणि त्या भोकातून पाणी येतच राहिलं. मी त्याला हाताने वाट करून देत होते. माझं पातळ गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं. ते धुवावंच लागणार होतं.

"काकू!" पलीकडून मालन ओरडली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. त्या विटेच्या सकाळी एकदाच तिने माझ्या तोंडून ऐकलं होतं. "पोचलं का?"

मी चिखलातून उठून उभी राहिले.

"पोचलं!"

ह्याला आता खूप वर्षं झाली. मुकुंद निवृत्त झाला. तो वर्षातून दोनदा येतो, फोन मात्र रोज करतो, आणि परसाचं पहिलं विचारतो. नाशिकला चल असं तो मधे दोन-तीनदा म्हणालाही, पण तोवर माझी उत्तरं पुन्हा बदलली होती.

मालनचे सासू-सासरे गेले. दिराने गावाबाहेर घर बांधलं. मुलं पुण्यात नोकरीला लागली. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. आता त्या भोकातून सकाळी जे पाणी येतं ते एकाच माणसाचं. खांबापर्यंत ते कधी जातं, कधी जात नाही. थंडीच्या दिवसांत तिला उठायला उशीर होतो. मी तोवर त्या भिंतीशी स्टूल टाकून बसते, आणि पाणी दिसेपर्यंत चहा घेत नाही. घमेल्यावर चढणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, त्यामुळे मला आता ती दिसत नाही, नुसती ऐकू येते. आधी बादलीची कडी वाजते. मग थोडा वेळ काहीच नाही. मग भोकाच्या तोंडाशी माती काळी होते आणि पाणी येतं, बारीक, पडवळाच्या अलीकडेच जिरून जाणारं.

"काकू, पोचलं का?"

"पोचलं," मी म्हणते.